झाकून ठेवलेली गाडी

वस्तू जपायची म्हणजे झाकून ठेवायची, ही राजाभाऊंची आयुष्यभराची समजूत. सोफ्यावर चादर, टीव्हीवर विणलेला रुमाल, रिमोटला प्लास्टिकची पिशवी. पाहुण्यांसाठी मालिनीबाईंनी सोफ्यावरची चादर काढली की पाहुणा उठेपर्यंत राजाभाऊंना चैन पडत नसे. अशा माणसाच्या ताब्यात मुलाने आपली लाल मोटारसायकल दिली आणि दिवाळी उरकून तो बोटीवर चालता झाला. मग काय विचारता!

सलिल बोटीवर इंजिनियर. शिमग्यापर्यंत तो काही येत नव्हता. त्याला स्टेशनवर सोडून राजाभाऊ परतले ते थेट बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. गाडी त्यांनी जिन्याखालच्या कोपऱ्यात ढकलली, वर ताडपत्री घातली आणि पालीच्या आपल्या आंबाबागेतून आणलेल्या सुंभाने, आंब्याची पेटी आवळतात तशी करकचून आवळली. किल्ली गेली देवघरातल्या खिळ्यावर.

"इथला खारा वारा लोखंड खातो," त्यांनी जेवताना जाहीर केलं. "सलिल येईपर्यंत त्या गाडीला कोणी हात लावायचा नाही."

कोणी म्हणजे कोण? घरात माणसं तीन. ते स्वतः, मालिनीबाई आणि वर्षभरापूर्वी आलेली सून उर्वी. उर्वीने मान खाली घालून आमटी वाढली. तिच्या कपाटात, साड्यांच्या खाली, त्या गाडीची दुसरी किल्ली होती.

ती सलिलनेच दिली होती. इंजिन नुसतं उभं राहिलं की मरतं, बॅटरी बसते, असं इंजिनियरचं म्हणणं. "दिवसाआड तरी एक चक्कर मार," तो बायकोला सांगून गेला होता. गाडी चालवायलाही त्यानेच तिला शिकवलं होतं, गावाबाहेरच्या मोकळ्या कातळावर, सड्यावर नेऊन, कोणाला न कळू देता. हे सगळं त्याने बापाला का सांगितलं नाही? कारण बापाशी वाद घालण्यापेक्षा बायकोच्या हातात गुपचूप किल्ली ठेवणं सोपं होतं. मुलगे असलेच असतात. निस्तरायचं दुसऱ्याने.

रत्नागिरीची थंडी ती काय! कोल्हापूरचा माणूस हसेल. पण तेवढ्यावरही इथले पेन्शनर कानटोप्या चढवून पहाटे फिरायला निघतात. राजाभाऊ बाहेर पडले की उर्वी सलिलचं जाकीट आणि हेल्मेट घालून खाली उतरे. सुंभ सोडी, गाडी फाटकापर्यंत ढकलत नेई. तिथून डांबरी रस्त्यापर्यंत सरळ उतार. इंजिन बंद ठेवून ती खाली जाई आणि तिथे सुरू करी. परत येताना आवाज व्हायचा तो व्हायचाच, पण त्या वेळी दूधवाल्यांच्या दोनचार गाड्या चढावर चाललेल्याच असत, त्यात एक खपून जाई.

मालिनीबाईंना मात्र चाहूल लागलीच. चहाचं आधण ठेवायला त्या उठल्या होत्या. दार हळूच उघडलं आणि समोर सून, काखेत हेल्मेट, गाल थंडीने लाल आणि तोंडावर असलं काही हसू, की मालिनीबाईंना आधी तेच खुपलं.

उर्वी घाबरली, पण तिने काही लपवलं नाही. सगळं सांगून टाकलं, किल्लीसकट. "आई, मला हे चोरून करायला नको वाटतं. तुम्ही बाबांना सांगाल का? तुमचं ऐकतील ते."

"सांगत्ये हो मी," मालिनीबाई म्हणाल्या. "वेळ बघून सांगत्ये."

आणि त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, मग सांगायचं मनातूनच काढून टाकलं. राजाभाऊंना त्या भीत होत्या म्हणाल तर अजिबात नाही. खरी गोष्ट अशी, की सुनेला थोडं लटकत ठेवण्यात त्यांना सुख वाटत होतं. ही पोर घरात आल्यापासून सलिलचे फोन आले की "आई, बरी आहेस ना" एवढ्यावर उरकायचे आणि पुढचं सगळं बोलणं उर्वीशी. गेल्या गणपतीत तर त्याने चार माणसांत म्हटलं होतं, "उर्वीच्या हाताला काय चव आहे गो आई!" मालिनीबाई हसल्या होत्या. पण तेव्हापासून त्या सुनेचे हात बघायच्या. लांब, गोरी, चपळ बोटं. ती हौसेने कणीक मळायला बसली की मालिनीबाई उठून बाहेर जायच्या.

राजाभाऊंना शंका आली ती गाठीवरून. त्यांची गाठ पेटीची, ओढली की आवळणारी. एका सकाळी बघतात तर तिथे साधी दुहेरी गाठ. चाकाला ताजी लाल माती. त्यांचं डोकं फिरलं. रखवालदार भागोजीला त्यांनी पार्किंगमध्येच धरला.

"पोरगा व्हता कोन तरी," भागोजी डोकं खाजवत म्हणाला. "जाकीट, हेल्मेट. काळोखात त्वांड कोनाला दिसतंय?"

पोरगा म्हटल्यावर राजाभाऊंना आणखी पुरावा नको होता. वरच्या मजल्यावर मालन राहायची. नवरा हरिश्चंद्र लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत, शनिवारी यायचा, सोमवारी जायचा. मुलगा ऋत्विक कॉलेजात. किनाऱ्यावरची माणसं. त्यांना फ्लॅट विकू नये म्हणून राजाभाऊंनी सोसायटीत आकाशपाताळ एक केलं होतं आणि ते जमलं नाही म्हणून आजतागायत जिन्यात मासळीचा वास येतो अशी तक्रार ते करत. वास येत नसे त्या दिवशीही करत.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सगळी बिल्डिंग जमली. राजाभाऊंनी ऋत्विकला सगळ्यांसमोर चोर म्हटलं. पोर बिचारं "काका, मी नाही, आईशप्पथ नाही" म्हणत राहिलं. हरिश्चंद्र हात जोडून काहीतरी समजावू बघत होता. मालनने त्याला बाजूला सारलं.

"माजा पोरगा चोर नाय," ती म्हणाली. "तुमाला वाटतंय ना तसा? मग घाला गाऱ्हाना. ठेवा देवाला नारळ. ज्यानं हात लावला आसंल त्याचे हात देव बघंल. माज्या पोराचे निगाले तर आमी घर सोडून जातो. आनि नाय निगाले तर?"

उर्वी जिन्यात उभी होती. तिने सासूकडे बघितलं, आता तरी बोला अशा नजरेने. मालिनीबाईंनी पदर सारखा केला आणि त्या दुसरीकडे बघू लागल्या. आणि उर्वी? तिची काय वाचा गेली होती? सासूने सांगायचं कबूल केलंय, भर चौकात सासऱ्याला खोटं पाडायचं कसं, असल्या विचारात ती गप्प राहिली. ती गप्प राहिली हे तिचं चुकलंच. पण ती गप्प का राहिली हे त्या गर्दीत एकाच बाईला माहीत होतं.

संध्याकाळी गाडीपुढे नारळ ठेवला. गावच्या देवळात भागोजीच्या घराण्याचा मान, तेव्हा गाऱ्हाणं त्यानेच घातलं. "बा म्हाराजा, ह्या गाडीला ज्या कोनी चोरून हात लावला आसंल, त्याचा हात तू दाकव, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळी बिल्डिंग म्हणाली. राजाभाऊ सगळ्यांत मोठ्याने म्हणाले. उर्वीचे ओठही हलले.

देवावर एवढा भार टाकला म्हणजे माणसाने गप्प बसावं. पण राजाभाऊंचा देवावर विश्वास किती, तर उघड्या सोफ्यावर बसलेल्या पाहुण्यावर जेवढा. दुसऱ्या दिवशी ते पालीला बागेत जाऊन आले. दुपारी बिल्डिंग जेवून आडवी झाली तेव्हा त्यांनी पिशवीतून एक डबा काढला. मालिनीबाई जाग्या होत्या. झाकण उघडताच त्यांनी वास ओळखला. काजूच्या टरफलांचं तेल. बागेत खांबांना वाळवी लागू नये म्हणून लावतात ते. काळं, चिकट. कातडीला लागलं की दिवसभर काही कळत नाही आणि मग मांस वर येतं. लहानपणी काजू भाजताना त्यांच्या बहिणीच्या गालावर ते उडालं होतं. तो डाग घेऊनच ती बोहल्यावर चढली आणि तो डाग घेऊनच गेली.

"अहो, हे काय करता?"

"देवाला जरा हातभार," राजाभाऊ म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून ते खाली गेले. हँडलच्या मुठी काळ्या, तेल काळं. कोणाच्या बापाला दिसणार नव्हतं.

त्याच संध्याकाळी उर्वी स्वयंपाकघरात आली. दिवसभर तिने नीट खाल्लं नव्हतं. "आई, तुम्ही अजून बोलला नाहीत ना बाबांशी? उद्या सकाळी मीच सांगते. ऋत्विकच्या आईंचे पाय धरते." मग म्हणाली, "उद्याची चक्कर मारू ना? यांना शब्द दिलाय मी. त्या गाऱ्हाण्याची भीती वाटते पण. ही काही चोरी नाही ना, आई?"

मालिनीबाई भाकरी थापत होत्या. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. गाडीला हात लावू नको, एवढंच. त्यांनी सुनेच्या हातांकडे बघितलं. ती ओट्यावरचं पीठ बोटांनी गोळा करत होती, सहज, एक कण न सांडता.

"चोरी कसली?" त्या म्हणाल्या. "नवऱ्याचीच गाडी ना? जा हो, फिरव. उद्या मी बोलत्ये ह्यांच्याशी."

शब्द तोंडातून गेले आणि ते परत घ्यावेत असं त्यांना वाटलं नाही. हीच त्यातली भयंकर गोष्ट. पहाटे दाराची कडी वाजली तेव्हा त्या पांघरुणात जाग्या होत्या. जिन्यावरची पावलं त्यांनी खालपर्यंत ऐकली आणि कूस बदलली.

सकाळी उर्वी बोललीच नाही. सासूबाई बोलणार म्हणून वाट बघत राहिली. दुपारी तिचे तळवे खाजायला लागले. रात्री सुजले. आणि दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत दोन्ही हात मनगटापर्यंत फोडांनी भरले होते, बोटं मिटत नव्हती. तिने हात बघितले आणि तिच्या तोंडून आवाजच फुटेना. मग जो फुटला तो वरच्या मजल्यापर्यंत गेला.

दारात गर्दी झाली. राजाभाऊ कानटोपीसकट आत आले, सुनेचे हात बघितले आणि भिंतीला टेकले. क्षणभर वाटलं हा माणूस खरं बोलणार. तोंड उघडलंही त्यांनी. तेवढ्यात शेजारच्या काकू गालावर मारून घेत म्हणाल्या, "राजाभाऊ, तुमचं गाऱ्हाणं ऐकलंन हो देवानं. सख्ख्या सुनेलाही सोडलं नाहीन!" आणि सगळ्यांनी राजाभाऊंकडे असं बघितलं, जसं आयुष्यात कोणी बघितलं नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं.

मालन पुढे आली. तिने शिव्या घातल्या नाहीत. उर्वीकडे बघून एवढंच म्हणाली, "माज्या पोराला चोर म्हनत व्हते तवा तू जिन्यात उबी व्हतीस. माज्याकडं बगत व्हतीस."

"मी आईंना सांगितलं होतं," उर्वी रडत म्हणाली. "पहिल्यापासून सांगितलं होतं. आई, सांगा ना."

सगळे मालिनीबाईंकडे वळले.

"मला?" मालिनीबाई म्हणाल्या. "मला कधी गो सांगितलंस?"

उर्वीने त्यांच्याकडे बघितलं आणि तिचं रडणं थांबलं.

डॉक्टरकडे न्यायचं कोणी नाव काढलं नाही. निदान खोबरेल तरी लावू द्या, असं शेजारच्या काकू म्हणाल्या तेव्हा मालिनीबाईंनी बाटली कपाटात ठेवून दिली. "देवाच्या कामात आपण हात घालू नये," त्या म्हणाल्या. रात्री उर्वी हात उशीवर पालथे ठेवून कण्हायची. भिंतीपलीकडे नवराबायको छताकडे बघत पडून असायची. त्या डब्याबद्दल दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. डबा राजाभाऊंनी माळ्यावर ठेवला होता, जुन्या चादरीत गुंडाळून.

चार दिवसांनी गुहागरहून उर्वीचे वडील आले. गरीब स्वभावाचा माणूस, मुलीचे हात बघून त्याचे डोळे भरले, पण व्याह्यांपुढे मान वर करायची त्याची ताकद नव्हती. देवाचा कौल झालाय म्हटल्यावर बोलणार काय? निघताना मालिनीबाईंनी रीतीप्रमाणे ओटी भरायला घेतली. उर्वीला पदर धरता येईना. तिच्या वडिलांनीच तो पसरून धरला.

"आई," ती नमस्काराला वाकली तेव्हा हळूच म्हणाली, "मी गप्प राहिले म्हणून ऋत्विकला बोलणी खावी लागली. त्याचीच शिक्षा झाली मला. देव बरोबर करतो."

तिचा खरोखरच तसा विश्वास होता. मालिनीबाईंनी तो तसाच राहू दिला. नारळासोबत बांधून दिला म्हणा ना.

पुढे थंडी वाढली, आंब्याला मोहोर आला, झडला, पुन्हा आला. आजूबाजूच्या बिल्डिंगमधली माणसं राजाभाऊंना भेटायला यायला लागली. कोणाची बांगडी हरवलेली, कोणाचा शेजारी कुंपण सरकवतो. राजाभाऊ गंभीर चेहऱ्याने ऐकून घेत आणि देवाची करणी म्हणून वर बोट दाखवत. सलिलचा फोन आला की "उर्वी माहेरी गेलीय हो, जरा हवापालट" असं मालिनीबाई सांगत आणि मग अगदी पोटभर बोलत. कितीतरी महिन्यांनी मुलगा त्यांच्याशी बोलत होता. उर्वीही गुहागरहून त्याला काही सांगत नव्हती, लाजेने. गाडीजवळ तर कुत्रंही फिरकत नव्हतं. ताडपत्रीवर धूळ साचली होती आणि राजाभाऊंची गाठ अगदी जशीच्या तशी होती.

शिमग्याच्या तोंडावर सलिल उतरला. आदल्या रात्री मुंबईहून त्याने गुहागरला फोन केला होता आणि या वेळी उर्वीला लपवता आलं नव्हतं. घरात आला तो बूटही न काढता. मालिनीबाईंनी ओवाळायला ताट केलं होतं.

"मी तिला आणायला चाललोय," तो म्हणाला. "गाडी मीच चालवायला सांगितली होती तिला. तिने कोणाचं काही चोरलेलं नाही. हे मी आत्ता खाली जाऊन सगळ्यांना सांगणार आहे, त्या ऋत्विकच्या आईला आधी."

"अरे, पण देवानं..." राजाभाऊ म्हणाले.

"गुहागरच्या डॉक्टरने तिला विचारलं, काजूच्या टरफलांत हात घातला होतास का म्हणून. त्या वेडीने नाही म्हणून सांगितलं. तिला देवच पाहिजे होता." सलिलने देवघरातली किल्ली ओढून घेतली. "बाबा, डिसेंबरात काजू कुठे असतो हो?"

उत्तराला तो थांबला नाही. जिने उतरत गेला. त्याच्या हाका ऐकून दारं उघडली, मालन आणि ऋत्विक जिन्यात आले, भागोजी फाटक सोडून आला. सलिलने चाकूने सुंभ कापला आणि ताडपत्री ओढून टाकली. आतून कुबट वास आला. कोंडलेल्या ओलीने सायलेन्सर तांबेरला होता, टाकीवर पापुद्रे सुटले होते, दोन्ही चाकं बसली होती. मग पुढे झाला आणि त्याने हँडल धरायला हात उचलले.

"हात लावू नको!"

मालिनीबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होत्या, धापा टाकत, एका हातात ओवाळणीचं ताट तसंच. "सलिल, हात नको लावू रे, तेल आहे मुठींना!"

राजाभाऊ त्यांच्या मागे येऊन उभे होते, ते होते तिथेच थबकले.

सलिल वळला. "कसलं तेल?"

मालिनीबाईंच्या ध्यानात आलं, पण फार उशिरा. इतके महिने जे वाक्य गळ्याखाली दाबून ठेवलं होतं, ते मुलासाठी एका श्वासात बाहेर पडलं होतं.

"कधी लावलं?" सलिलने विचारलं. "उर्वी खाली आली त्याच्या आधी? आणि तुला ठाऊक होतं?"

मालिनीबाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं. समोर मालन उभी होती, बघत. नाही म्हणणं जमलं नाही.

सलिल आईकडे बघत राहिला आणि बघता बघताच त्याने मागे हात नेऊन दोन्ही मुठी पकडल्या. नुसत्या पकडल्या नाहीत, तळवे त्यांच्यावर दाबून फिरवले, सावकाश, सगळीकडे लागेल असे. मग स्टँड काढला आणि बसक्या चाकांची ती गाडी ओढत फाटकाकडे निघाला. ऋत्विक मदतीला धावला. "तू नको लावू हात," सलिल त्याला म्हणाला. इंजिन सुरू होणार नव्हतं, हे त्याच्याइतकं कोणाला कळत होतं? तरी तो ओढत राहिला.

"अरे, हात धू आधी!" मालिनीबाई मागून ओरडल्या. त्यांचा आवाज फाटला. "सलिल, खोबरेल तरी लाव रे!"

तो फाटकापाशी थांबला, पण त्याने मागे बघितलं नाही.

"तिला लावलं होतंस, आई?"

मग तो उतारावरून खाली गेला. माणसं एकेक करून आपापल्या घरी गेली आणि राजाभाऊ खाली वाकून ताडपत्रीची घडी घालू लागले.